ख्रिस्ती धर्माचे भारतीय रूप : मिश्रण, समन्वय आणि त्याचे मोल



आजच्या व्याख्यानाचा विषय असा आहे की, त्याचे नुसते नाव उच्चारले तरी श्रोत्यांचे दोन पक्ष पडतात. ख्रिस्ती धर्मात इतर धर्मांतील श्रद्धा आणि आचार मिसळले गेले, असे म्हटले की एका पक्षाला तो धर्माचा ऱ्हास वाटतो, तर दुसऱ्याला ते औदार्याचे परमोच्च उदाहरण वाटते. पहिला पक्ष त्या घटनेला 'संकर' म्हणतो, दुसरा 'समन्वय' म्हणतो. परंतु या दोन्ही शब्दांत एक दोष आहे. शब्द निवडताच निर्णय होऊन जातो आणि विचार करण्यासाठी काही शिल्लक उरत नाही. म्हणून निदान आरंभी तरी मी 'मिश्रण' हा साधा, कोणतीही बाजू न घेणारा शब्द वापरणार आहे. प्रत्येक उदाहरण पाहताना आपण तीन प्रश्न विचारू : मिश्रण कोणी केले, नेमके काय मिसळले, आणि त्यामुळे कोणाचे भले झाले? यांपैकी तिसरा प्रश्न फार क्वचित विचारला जातो. माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. अगोदर शुद्ध, अमिश्रित असा ख्रिस्ती धर्म होता आणि पुढे तो भारतात येऊन मिसळला गेला, अशी कल्पना पुष्कळांच्या मनात असते. इतिहास तिला दुजोरा देत नाही. येशूची बोली आरामाईक होती, आणि त्याचे चरित्र सांगणारी शुभवर्तमाने आपल्या हाती आली ती ग्रीक भाषेत. चौथ्या शुभवर्तमानाच्या प्रारंभी येणारी 'शब्द' ही संकल्पना ग्रीक तत्त्वचिंतकांना आधीपासून परिचित होती. यहुदी नसलेल्या माणसाने ख्रिस्ताचे अनुयायी होताना यहुद्यांचा सुंतेचा विधी पाळला पाहिजे काय, या प्रश्नावर पहिल्या शतकाच्या मध्यास यरुशलेम येथे प्रेषितांची सभा भरली, आणि तो पाळण्याची गरज नाही असा निर्णय झाला. म्हणजे धर्म कोणता आणि एखाद्या समाजाची रीत कोणती, हा वाद ख्रिस्ती संप्रदायाच्या जन्माइतकाच जुना आहे. पुढे इ. स. ६०१ मध्ये पोप पहिला ग्रेगरी याने इंग्लंडमधील धर्मोपदेशकांना कळविले की, तेथील लोकांची मंदिरे पाडू नयेत. मूर्ती नष्ट करून तीच वास्तू ख्रिस्ती उपासनेसाठी वापरावी. ज्या जागी येण्याची लोकांना सवय आहे, त्या जागी ते अधिक सहजपणे येतील, हा त्यामागचा विचार होता. तेव्हा भारतात जे घडले ते अपवादात्मक नव्हते. मात्र भारतात एक गोष्ट अशी होती की जी इंग्लंडात वा ग्रीसमध्ये नव्हती. ती म्हणजे जातिव्यवस्था. येथील मिश्रणाची कथा या गोष्टीपासून वेगळी काढता येत नाही.

या कथेचे पहिले प्रकरण केरळातले आहे. प्रेषित थॉमस इ. स. ५२ मध्ये मलबारच्या किनाऱ्यावर उतरला अशी तेथील ख्रिस्ती समाजाची परंपरागत श्रद्धा आहे. परंपरा बाजूला ठेवली तरी कोल्लम येथील चर्चला हक्क आणि सवलती देणारा ८४९ सालचा ताम्रपट उपलब्ध आहे, आणि कोट्टयम व चेन्नई येथील जुन्या क्रुसांवर पहलवी लिपीतील लेख आहेत. या समाजाची उपासना सिरियाक भाषेत चाले, धर्माध्यक्ष पश्चिम आशियातून येत, आणि घरातील रीतिरिवाज मलयाळी असत. त्यांच्या विवाहात वर वधूच्या गळ्यात मिन्नू बांधतो. हे क्रूस असलेले लहानसे सुवर्णपान 'मंत्रकोडी' या विवाहवस्त्रातून काढलेल्या धाग्यांत ओवलेले असते. घरात निलविळक्कू नावाची पितळी समई तेवते आणि तिच्या शिखरावर क्रूस असतो. पवित्र सप्ताहातील गुरुवारी रात्री घरातील कर्ता पुरुष आंबवण न घातलेला 'पेसहा अप्पम' मोडून सर्वांना वाटतो. या अखेरच्या रिवाजात यहुदी वल्हांडणाची आठवण आणि केरळच्या स्वयंपाकघरातील तांदळाचे पीठ अशी दोन्ही एकत्र आली आहेत. चर्चसमोर ध्वजस्तंभ उभारणे, उत्सवाच्या मिरवणुकीत रंगीत छत्र्या आणि चेंडावादन असणे, यांत तेथील कोणालाही काही विपरीत वाटत नाही. हे मिश्रण कोणी ठरवून केलेले नाही. शेजाराने राहता राहता ते घडत गेले.

या शेजारधर्मावर पहिला मोठा आघात १५९९ साली झाला. गोव्याचे आर्चबिशप आलेइशो दे मेनेझिस यांनी उदयंपेरूर येथे धर्मसभा बोलावली. त्या सभेने सिरियाक ग्रंथ तपासून दुरुस्त करण्याचा किंवा जाळण्याचा हुकूम केला आणि स्थानिक चालीरीतींची छाननी केली. ज्या मतांना तिने सदोष ठरविले, त्यांत प्रत्येक मनुष्य आपापल्या धर्ममार्गाने तरून जाऊ शकतो, हेही एक मत होते. या निषेधामुळेच आज आपल्याला कळते की, सोळाव्या शतकातील मलबारच्या ख्रिस्ती माणसांत असे मत प्रचलित होते. या समाजाने पोर्तुगीज धर्मसत्तेचा जाच फार काळ सहन केला नाही. १६५३ मध्ये मट्टनचेरी येथे जमलेल्या हजारो लोकांनी कूनन क्रुसाची शपथ घेऊन ती सत्ता झुगारून दिली.

येथवर ऐकताना आपली सहानुभूती सहजच स्थानिक समाजाकडे झुकते, आणि ते योग्यही आहे. परंतु याच उदयंपेरूरच्या सभेने आणखी एका रिवाजाचा निषेध केला होता. हीन मानलेल्या जातीच्या माणसाचा स्पर्श झाल्यास स्नान करून शुद्ध होण्याची प्रथा त्या ख्रिस्ती समाजातही होती. सभेने तिला अंधश्रद्धा ठरविले, परंतु नायरांशी असलेले संबंध तुटतील तेथे सवलतही ठेवली. केरळात या ख्रिस्ती समाजाचे स्थान उच्च होते. विटाळलेले तेल त्यांच्या स्पर्शाने शुद्ध होते, असा समज होता. याचा अर्थ स्पष्ट आहे. समईबरोबर विटाळही घरात आला होता. ज्या परकीय सत्तेने समाजाची ग्रंथसंपदा जाळली, तिनेच त्या समाजाच्या एका अन्यायावर, अर्धवट का होईना, बोट ठेवले. आपण पुढे पाहणार आहोत त्या प्रत्येक प्रकरणात हा पेच पुन्हा समोर येईल.

दुसरे प्रकरण मदुरेचे. त्यावर थोडे अधिक थांबणे आवश्यक आहे, कारण भारतातील जाणीवपूर्वक मिश्रणाचा पहिला मोठा प्रयोग तेथे झाला. रॉबर्ट द नोबिली हा इटलीतील खानदानी घराण्यात १५७७ साली जन्मलेला जेज्वीट संघाचा पाद्री १६०५ मध्ये गोव्यात उतरला आणि पुढील वर्षी मदुरेस पोहोचला. तेथे त्याच्या आधीपासून गोन्सालो फर्नांडिस हा वयस्क पाद्री काम करीत होता. त्याचा कळप मुख्यतः किनाऱ्यावरून आलेले परवर आणि पोर्तुगीज यांचा होता. नगरातील प्रतिष्ठित लोक त्याच्याकडे फिरकत नसत. नोबिलीने याचे कारण शोधले. मदुरेचे लोक पोर्तुगीजांना 'परंगी' म्हणत. परंगी म्हणजे गोमांस खाणारा, मद्य पिणारा, स्नानाविषयी बेफिकीर असलेला मनुष्य. धर्मांतर करणाऱ्यालाही परंगी कुळात प्रवेश करतो असे समजले जाई. नोबिलीच्या ध्यानात आले की, लोक ख्रिस्ताला नाकारीत नाहीत, ते एका परकीय जातीत जाण्याचे नाकारीत आहेत.

त्याने आपण परंगी नसल्याचे जाहीर केले. भगवी वस्त्रे आणि खडावा धारण केल्या, मांसमद्य वर्ज्य केले, ब्राह्मण आचारी ठेवला आणि दिवसातून एकदा भात, भाजी, दूध एवढाच आहार घेऊ लागला. तो तमिळ, तेलुगू आणि संस्कृत शिकला. संस्कृत शिकविणारे त्याचे गुरू शिवधर्म नावाचे ब्राह्मण होते. तमिळमध्ये त्याने विपुल ग्रंथरचना केली आणि तीत कोविल, पूजा, वेद, प्रसाद, गुरू, सर्वेश्वर यांसारखे शब्द ख्रिस्ती अर्थाने रुजविले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या उच्चवर्णीयांनी शेंडी, जानवे आणि कपाळीचे गंध टाकून द्यावे, असा त्याचा आग्रह नव्हता. त्याचा युक्तिवाद मोठा सूक्ष्म होता. ही चिन्हे देवपूजेची नसून सामाजिक दर्जाची आहेत. जे सामाजिक आहे ते ठेवावे, जे उपासनेचे आहे ते बदलावे, असे त्याचे म्हणणे होते.

फर्नांडिसने वरिष्ठांकडे तक्रार केली. हा पाद्री ख्रिस्ती लोकांना हिंदू करीत आहे की हिंदूंना ख्रिस्ती, असाच प्रश्न गोव्यात अनेकांना पडला. १६१९ मध्ये गोव्यात या विषयावर परिषद झाली. अखेर प्रकरण रोमला गेले आणि १६२३ साली पोप पंधरावा ग्रेगरी याने शिखा, यज्ञोपवीत, चंदन व स्नान यांना काही अटींवर मान्यता दिली. नोबिली जिंकला. १६५६ मध्ये मैलापूर येथे तो निवर्तला.

आता तिसरा प्रश्न विचारू : यामुळे कोणाचे भले झाले? दर्जाची चिन्हे सामाजिक असल्याने ती धर्माला बाधक नाहीत, असे एकदा मान्य केले की दर्जाची उतरंडही धर्माला बाधक राहत नाही. ब्राह्मण संन्याशाप्रमाणे राहणाऱ्या पाद्र्याला परैयर माणसाच्या झोपडीत उघडपणे जाता येत नसे, कारण तसे केल्यास तो स्वतःच विटाळला असता. ही अडचण दूर करण्यासाठी १६४० नंतर 'पंडारस्वामी' या दुसऱ्या वर्गाचे पाद्री नेमण्यात आले. त्यांना तथाकथित खालच्या जातींत वावरता येई. ज्या धर्माचा संस्थापक महारोग्याला स्पर्श करतो, त्याच्या सेवकांतही अशा रीतीने दोन पंक्ती झाल्या. नोबिलीच्या विद्वत्तेविषयी, त्यागाविषयी वा तमिळवरील प्रेमाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु 'संस्कृती' म्हणून त्याने जे स्वीकारले ती एका वर्गाची संस्कृती होती, हे नाकारता येत नाही.

शतकाअखेरीस वाद पुन्हा उफाळला. पोपचा प्रतिनिधी म्हणून आलेल्या तूर्नों याने १७०४ मध्ये पाँडिचेरी येथे सोळा कलमांचा हुकूम काढला. त्यात अनेक स्थानिक रिवाजांवर बंदी होती. ज्या तालीवर पिल्लैयारची, म्हणजे गणपतीची, आकृती असे ती वर्ज्य ठरली. नाणे किंवा फूल यांसारख्या निरुपद्रवी गोष्टींतही मूर्तिपूजा पाहणारी ती दृष्टी होती. आणि त्याच हुकुमात असेही म्हटले होते की, परैयर आजारी असेल तर पाद्र्याने त्याच्या घरी जाऊन त्याला अंतिम संस्कार दिले पाहिजेत. जातीची सबब चालणार नाही. भारतीय चालीरीतींविषयी ज्याला काडीचीही आस्था नव्हती, तो मनुष्य या एका कलमापुरता त्या झोपडीतील मरणासन्न माणसाच्या बाजूने उभा राहिला. १७४४ मध्ये पोप चौदावा बेनेडिक्ट याने बहुतेक निर्बंध कायम केले. या एका कलमावर मात्र तडजोड झाली आणि परैयरांसाठी वेगळे पाद्री असावेत ही व्यवस्था मान्य झाली. हे निर्बंध पाळण्याची शपथ येथील पाद्र्यांना घ्यावी लागे. ती १९४० साली रद्द झाली.

या तडजोडीचे दगडविटांतले रूप पाहायचे असेल तर तिरुनेलवेली जिल्ह्यातील वडक्कनकुळम या गावी जावे. तेथे १८७२ मध्ये एकाच वेदीकडे येणाऱ्या दोन वेगळ्या भुजा असलेले चर्च बांधण्यात आले. एका भुजेत एका जातीचे उपासक बसत, दुसरीत दुसऱ्या जातींचे. वेदीवरचा पुरोहित दोघांना दिसे, परंतु ते एकमेकांना दिसत नसत. दोहोंना विभागणारा अडसर १९१० मध्ये काढण्यात आला. तामिळनाडूतील काही ख्रिस्ती स्मशानभूमींत मात्र जातीजातींमधील भिंती त्यानंतरही दीर्घकाळ उभ्या राहिल्या.

नोबिली मदुरेत असताना पश्चिम किनाऱ्यावर दुसरा प्रयोग चालू होता. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेज्वीट १५७९ मध्ये गोव्यास आला आणि चाळीस वर्षे तेथेच राहिला. १६१६ मध्ये रायतूर येथे त्याचे 'क्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात आदिपुरुषापासून ख्रिस्ताच्या पुनरुत्थानापर्यंतची कथा कोकणी छटेच्या मराठीत सांगितली आहे. स्वर्गासाठी तो वैकुंठ हा शब्द वापरतो. मराठी भाषेची त्याने केलेली स्तुती महाराष्ट्रातील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु ग्रंथ का लिहिला गेला, हे तितकेसे ठाऊक नसते. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे काढून घेण्यात आली होती आणि त्यांच्या जागी वाचायला त्यांच्याजवळ काही उरले नव्हते. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती आणि इन्क्विझिशनचे न्यायालय १५६० पासून चालू होते. क्रिस्तपुराणाचे माधुर्य खरे आहे, आणि ते ज्या पोकळीत उमटले ती पोकळी बळाने निर्माण केलेली होती, हेही खरे आहे. या दोहोंपैकी एकच गोष्ट सांगणारा इतिहास अपुरा होय.

ते न्यायालय १८१२ मध्ये कायमचे बंद होईपर्यंत गोव्यातील ख्रिस्ती घरांच्या अंगणात आणि स्वयंपाकघरात डोकावत राहिले. १७३६ च्या एका फर्मानाने तुळस लावणे, लग्नात हळद लावणे, ओव्या म्हणणे, धोतर आणि चोळी नेसणे अशा कितीतरी गोष्टींवर बंदी घातली. हे फर्मान वाचताना गंमत अशी वाटते की, सक्तीच्या धर्मांतरानंतर दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला तरी हे सर्व चालू होते, म्हणून तर बंदीची गरज पडली. काही रिवाज बंदीनंतरही टिकले. वधूवरांना लग्नाच्या आदल्या दिवशी नारळाच्या रसाने न्हाऊ घालण्याचा 'रोस', वधूचा चुडा, नव्या भाताच्या कणसांना चर्चमध्ये आशीर्वाद देण्याचा सण, हे सारे आजही आहे. म्हापशाची मिलाग्रिस सायबीण ही शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानली जाते. तिच्या फेस्ताला हिंदू भाविक तेल घेऊन जातात. दोन बहिणी वेगवेगळ्या धर्मांत गेल्या तरी त्यांचे नाते तुटले नाही, एवढाच त्या कथेचा अर्थ लोक घेतात. त्यांना त्याहून अधिक स्पष्टीकरणाची गरज वाटत नाही.

येथवरच्या प्रयोगांत पुढाकार परदेशी पाद्र्यांचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परिस्थिती पालटली. आता स्वतः भारतीय ख्रिस्ती विचारवंत विचारू लागले की, ख्रिस्ताबरोबर युरोपही स्वीकारलाच पाहिजे काय? बंगालमध्ये ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी १८८२ च्या व्याख्यानात त्रैक्याची संकल्पना सच्चिदानंदाशी जोडून दाखविली. ते स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत. हा धागा ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी पुढे नेला. १८६१ मध्ये ब्राह्मण कुळात जन्मलेले उपाध्याय १८९१ मध्ये ख्रिस्ती झाले. समाजधर्माने आपण हिंदू आणि साधनेने ख्रिस्ती, अशी भूमिका त्यांनी मांडली. सच्चिदानंदाला वंदन करणारे त्यांचे १८९८ चे संस्कृत स्तोत्र आजही भारतातील कॅथलिक उपासनेत गायिले जाते. १८९९ मध्ये त्यांनी नर्मदाकाठी जबलपूर येथे कॅथलिक संन्याशांसाठी मठ काढला. रोमच्या प्रतिनिधीने त्याला संमती नाकारली आणि मठ बंद पडला. पुढे ते राष्ट्रीय चळवळीत ओढले गेले. 'संध्या' पत्रातील लेखांवरून त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरला गेला, आणि तो चालू असतानाच १९०७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यापूर्वी त्यांनी हिंदू रीतीने प्रायश्चित्त घेतले होते, आणि त्यांच्या देहाला अग्नी देण्यात आला. ते अखेरीस ख्रिस्ती राहिले की नाही, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला वाटते, त्यांच्या चर्चने त्यांच्या हयातीत त्यांना उभे राहण्यास जागा दिली नाही, ही गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे.

त्यांच्याच वयाचे नारायण वामन टिळक १८९५ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले. त्यांनी तत्त्वज्ञानाची वाट सोडून भक्तीची वाट धरली. इंग्रजी चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांच्या जागी अभंग, भजन आणि कीर्तन आणले. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते म्हणत. १९१७ मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांनाही स्थान होते. दोन वर्षांनी त्यांचा अंत झाला आणि दरबार फार टिकला नाही. पण त्यांची गीते मराठी चर्चमध्ये आजही गायिली जातात. एक भेद येथे नोंदवून ठेवतो. उपाध्यायांनी जे घेतले ते वेदान्ताच्या परंपरेतून, आणि टिळकांनी वारकऱ्यांच्या दिंडीतून. दिंडीत निदान गाण्यापुरते तरी सर्वांना स्थान होते.

स्वातंत्र्योत्तर काळात आश्रमांची चळवळ पुढे आली. १९५० मध्ये ज्यूल मोंशानँ आणि आंरी ल सो या दोन फ्रेंच धर्मगुरूंनी कुळितलैजवळ कावेरीच्या तीरावर सच्चिदानंद आश्रम स्थापन केला. तो शांतिवनम् या नावाने प्रसिद्ध आहे. रमण महर्षींच्या दर्शनाने आणि अरुणाचलाच्या गुहांतील वास्तव्याने ल सो यांचे जीवन बदलले. त्यांनी अभिषिक्तानंद हे नाव घेतले. अद्वैताचा अनुभव आणि ख्रिस्तावरील श्रद्धा यांची सांगड घालता येईल काय, हा प्रश्न त्यांनी ग्रंथांत नव्हे तर स्वतःच्या देहामनावर सोडविण्याचा यत्न केला. १९७३ मध्ये इंदूर येथे निधन होईपर्यंत ते या ताणातच जगले. त्यांच्यानंतर बीड ग्रिफिथ्स यांनी १९६८ ते १९९३ अशी पंचवीस वर्षे आश्रम चालविला. दरम्यान १९६२ ते १९६५ या काळातील दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने वातावरण मोकळे केले होते. १९६९ मध्ये रोमने भारतीय उपासनेसाठी बारा बदल मान्य केले : पादत्राणे काढणे, जमिनीवर बसणे, अंजली, पंचांग प्रणाम, समई, धूप, आरती आणि असेच काही. उपनिषदांतील उतारे प्रार्थनेत आणण्याचा प्रयत्न मात्र १९७५ मध्ये थांबविण्यात आला.

ज्या गोष्टीसाठी उपाध्यायांना झिडकारले गेले, तिला सत्तर वर्षांनी अधिकृत मान्यता मिळाली. तरीही वाद संपला नाही. उलट दोन नवे आक्षेप दोन दिशांनी आले, आणि दोहोंचा प्रामाणिकपणे विचार करावयास हवा. पहिला आक्षेप काही हिंदू विचारवंतांचा. त्यांचे म्हणणे असे की, भगवी वस्त्रे, ॐकार आणि आरती ही आमची साधने असून ती धर्मांतरासाठी उसनी घेतली जात आहेत. गोव्याचा इतिहास पाहता ही शंका निराधार म्हणून उडवून लावता येणार नाही. अभिषिक्तानंदांसारख्या माणसाने कोणाला फसविण्यासाठी गुहेत वर्षे काढली नाहीत, हेही तितकेच खरे. परंतु ज्याचे प्रतीक आपण घेतो, त्याला त्याविषयी काय वाटते हे विचारण्याचे सौजन्य मिश्रण करणाऱ्याने दाखविले पाहिजे. ते नेहमी दाखविले गेले असे म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक भेदक आहे, कारण तो घरातून आला. भारतातील ख्रिस्ती समाजाचा फार मोठा भाग दलित आहे. १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात दिलेल्या भाषणात अरविंद निर्मळ यांनी विचारले की, भारतीय ख्रिस्ती धर्मचिंतन म्हणजे वेदान्ताशी संवाद, असे समीकरण कोणी ठरविले? ज्यांच्या पूर्वजांना वेद ऐकण्याची बंदी होती, त्यांनी चर्चमध्ये येऊन संस्कृत स्तोत्रे ऐकावीत आणि याला आपली संस्कृती समजावे, ही अपेक्षा विचित्र नव्हे काय? ज्या देवळाच्या दारातून त्यांना परत लावले, त्याच देवळाची आरती त्यांच्या वेदीवर आली. या आक्षेपाला आजच्या व्यवहाराचीही बाजू आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या होत्या. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला, दलित ख्रिस्तींचा झालेला नाही. धर्म बदलल्याने जात गेली असे कायदा मानतो. स्मशानातील भिंत मात्र काही वेगळेच सांगत आली आहे.

मग यातून मार्ग कोणता? एक मार्ग सामान्य माणसांनी केव्हाच काढला आहे. वेळांकण्णीची साडी नेसलेली आरोग्यमाता, तिच्या दारी मुंडन करून नवस फेडणारे भाविक, मुंबईत वांद्र्याच्या मोत मावलीला मेणाचे हातपाय आणि मेणाचे घर वाहणारी सर्वधर्मीय गर्दी, यांना कोणा परिषदेच्या ठरावाची प्रतीक्षा नव्हती. ज्याचे मूल आजारी असते, तो देवाला धर्म विचारीत नाही. या गर्दीत भोळेपणा आहे, बाजार आहे, हे मान्य. पण ८ सप्टेंबरला वेळांकण्णीच्या वाळूतून चालणाऱ्या त्या रांगेत पुढचा कोण आणि मागचा कोण, हे कोणी पाहत नाही.

दुसरा मार्ग जाणीवपूर्वक काढलेला आहे, आणि तो पुन्हा मदुरेकडे नेतो. तेथील अरसरडी भागातील तामिळनाडू थिऑलॉजिकल सेमिनरीत थिओफिलस अप्पावू हे अध्यापक होते. २००५ मध्ये त्यांचे निधन झाले. कर्नाटक संगीतातील ख्रिस्ती कीर्तनांऐवजी त्यांनी खेड्यांतील लोकसंगीत उपासनेत आणले आणि त्याबरोबर परै हे चर्मवाद्य आणले. परै वाजविणे हे परैयरांचे काम, मेलेल्या जनावराच्या कातड्याचे म्हणून ते वाद्य विटाळाचे. सुशिक्षित ख्रिस्ती कुटुंबांनाही ते चर्चमध्ये नको होते. अप्पावूंनी 'ओरु उलै' म्हणजे एकाच हंडीची कल्पना मांडली. प्रत्येकाने घरून तांदूळ आणावा, तो एका भांड्यात शिजवावा आणि सर्वांनी एकत्र जेवावे. प्रभुभोजनाचा अर्थ यापेक्षा वेगळा असू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

नोबिली आणि अप्पावू या दोघांनीही मदुरेतच काम केले, आणि दोघांनीही ख्रिस्ती उपासनेत तमिळ जीवनातील काही आणले. एकाने चंदन आणले, दुसऱ्याने परै. पहिल्याचे पाप मोठे आणि दुसऱ्याचे पुण्य मोठे, असा निवाडा देण्याचा माझा हेतू नाही. नोबिलीने वाट पाडली नसती तर परदेशी पेहराव हाच धर्म, हा समज आणखी शतकभर टिकला असता. पण कोणत्याही मिश्रणाची परीक्षा त्याच्या सौंदर्याने किंवा प्राचीनतेने होत नाही. त्यानंतर कोण कोणाबरोबर जेवायला बसला, आजाऱ्याच्या दारात कोण गेला आणि कोण बाहेर थांबला, यावरून ती होते.

आरंभी मी 'मिश्रण' हा तटस्थ शब्द घेतला होता. आता 'समन्वय' हा शब्द वापरण्यास माझी हरकत नाही, परंतु एका अटीवर. दोन धर्मांच्या वरच्या मजल्यांना जोडणारा पूल म्हणजे समन्वय नव्हे. वडक्कनकुळमच्या चर्चमधील तो अडसर ज्या दिवशी काढला गेला, त्या दिवशी तेथे कोणतेही नवे स्तोत्र रचले गेले नाही की कोणती नवी आरती आली नाही. एकाच वेदीसमोर गुडघे टेकणारी माणसे एकमेकांना दिसू लागली, इतकेच घडले. भारतीय ख्रिस्ती धर्माचे रूप कोणते असावे, या प्रश्नाचा विचार त्या ठिकाणापासून सुरू व्हावा, एवढीच माझी विनंती आहे.